मोठ्या शिकारीसाठी एकाच पॉवरचा रायफल स्कोप कसा निवडावा

माझा पहिला स्कोप दहा पॉवरचा, म्हणजे सावज दहापट मोठे दाखवणारा होता. जितके मोठे दिसेल तितका नेम अचूक लागेल, असा सरळ हिशेब करून मी तो घेतला आणि चांदमारीच्या मैदानावर तो खरोखरच उत्तम चालला. पुढे एका पहाटे दाट झाडीत जेमतेम २५ मीटरवर रानडुक्कर निघाले. मी रायफल खांद्याला लावली, तर स्कोपमध्ये नुसते राठ, धुरकट काळे केस दिसले. ते पुठ्ठ्याचे होते की खांद्याचे, हे मला कळेना. नळी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, तेवढ्यात ते केसही नाहीसे झाले. चाप ओढला नाही, एवढीच त्या सकाळची शहाणपणाची गोष्ट.

पॉवर बदलता येणारा स्कोप असता तर मी तो तीनवर आणून ठेवला असता. एकाच पॉवरच्या स्कोपमध्ये तो निर्णय रानात घेता येत नाही, तो विकत घेतानाच घ्यावा लागतो. म्हणून या लेखात निवडीला जास्त जागा दिली आहे आणि बसवण्याला त्या मानाने कमी. जिथे मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला कायद्याची परवानगी आहे आणि तुमच्याकडे रीतसर परवाना आहे, तिथल्या शिकारीपुरतेच हे मार्गदर्शन आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

१. आधी एकाच पॉवरचा स्कोप आपल्याला हवा आहे का, ते ठरवा

या स्कोपच्या बाजूने जे मुद्दे सांगितले जातात, त्यांतले काही आजही खरे आहेत आणि काही जुने झाले आहेत. वजन कमी असते, हे खरे आहे. साधा ४×३२ (चार पॉवरचा, ३२ मिलीमीटर भिंगाचा) स्कोप २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असतो, तर ३ ते ९ पॉवरचा ४० मिलीमीटर भिंगाचा स्कोप बहुधा ३५० ग्रॅमच्या पुढे जातो. डोंगर चढताना हा फरक खांद्याला कळतो. पॉवर बदलण्यासाठी आत सरकणारी भिंगे नसल्यामुळे बिघडण्यासारखे भाग कमी असतात, हेही खरे. मात्र नेम जुळवण्याची यंत्रणा, तिची स्प्रिंग आणि स्क्रू याही स्कोपमध्ये असतातच, त्यामुळे तो कधीच बिघडत नाही असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका.

‘उजेड जास्त मिळतो’ हा मुद्दा मात्र तपासून घ्यावा लागतो. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. लेप नसलेले असे दहा पृष्ठभाग असतील तर जवळपास एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. त्या काळात कमी भिंगांचा स्कोप उजळ असे, यात नवल नव्हते. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा लेप शोधला आणि पुढे बहुस्तरीय लेप आले, तसतसा हा फरक कमी होत गेला. आज चांगल्या लेपाचा बदलत्या पॉवरचा स्कोप हलक्या लेपाच्या एकपॉवरी स्कोपला सहज मागे टाकतो. तेव्हा डब्यावरची पॉवर वाचून उजेडाचा अंदाज बांधू नका.

मला पटलेले खरे कारण साधे आहे. पॉवर एकच असल्यामुळे डोळ्याला एकाच चित्राची सवय होते. सावज स्कोपमधल्या नेमाच्या फुलीच्या तुलनेत किती मोठे दिसते, यावरून अंतर मनात आपोआप बसते, आणि ऐन वेळी स्कोप चुकीच्या पॉवरवर राहून गेला, असे घडतच नाही.

२. सर्वांत लांबचा नव्हे, सर्वांत जवळचा बार कागदावर लिहा

नवखा माणूस स्कोप निवडताना ३०० मीटरवरचे सावज डोळ्यांपुढे आणतो. तुम्ही उलट करा. ज्या रानात जाणार आहात, तिथे सर्वांत कमी अंतरावर सावज कुठे उठू शकते, हे आधी लिहा. मग बहुतेक बार किती अंतरावर होतात, ते तिथल्या अनुभवी शिकाऱ्याला विचारून लिहा. लांबचा आकडा शेवटी लिहा, आणि त्या अंतरावर गोळी मर्मस्थानी लावण्याइतका तुमचा हात बसलेला आहे का, हे स्वतःला विचारा.

याचे कारण दृष्टिक्षेत्रात आहे. १०० मीटरवर चार पॉवरच्या स्कोपमधून साधारण ८ ते १० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, सहा पॉवरमधून ६ ते ७ मीटर आणि दहा पॉवरमधून ४ मीटरच्या आसपास. अंतर चौथ्या हिश्शावर आले की पट्टाही चौथ्या हिश्शाचा होतो. म्हणजे २५ मीटरवर माझ्या दहा पॉवरच्या स्कोपमध्ये जेमतेम एक मीटर मावत होता आणि पूर्ण वाढलेले रानडुक्कर त्याहून लांब असते. चार पॉवरच्या स्कोपमध्ये तेच डुक्कर अख्खे दिसून आजूबाजूला मोकळी जागाही उरली असती. शिवाय जवळच्या अंतरावर जास्त पॉवरचे चित्र धूसर होते, ते वेगळेच.

लांबच्या अंतराची धास्ती अनेकदा विनाकारण असते. चार पॉवरच्या स्कोपमधून २०० मीटरवरचे सावज, नुसत्या डोळ्यांना ५० मीटरवर दिसेल तेवढे दिसते. हरणाच्या छातीतले मर्मस्थान सुमारे २० सेंटीमीटर व्यासाचे धरतात. पन्नास मीटरवर ठेवलेल्या तेवढ्या ताटलीच्या मध्यावर बोट दाखवणे कोणालाही अवघड नाही.

३. पॉवर निवडा

अडीच पॉवर: दाट झाडी, हाक्याची शिकार, आणि .३७५ एच अँड एच मॅग्नमसारख्या जड धक्क्याच्या रायफली, ज्या धोकादायक प्राण्यांसाठी वापरल्या जातात. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो.

चार पॉवर: काय घ्यावे हे ठरत नसेल तर हेच घ्या. झाडीतही चालते, माळावरही चालते आणि २०० ते २५० मीटरपर्यंत कमी पडत नाही. अमेरिकेत एकेकाळी शिकारी रायफल म्हटली की तिच्यावर चार पॉवरचा स्कोप, असे जवळजवळ ठरलेलेच होते.

सहा पॉवर: उघडे डोंगर, गवताळ माळ, शेताच्या कडेचे मचाण. ५० मीटरच्या आत सावज उठण्याची शक्यता कमी असेल तर माझी स्वतःची पसंती ६×४२ ला आहे. मात्र पळत्या सावजावर तो हाताला मंद वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

आठ पॉवर, ५६ मिलीमीटर भिंग: युरोपातल्या मचाणावरच्या संधिप्रकाशातील शिकारीचे हे खास हत्यार. बसल्या जागेवरून टेकू घेऊन बार काढायचा असेल तरच घ्या. जड असतो आणि उंच बसवावा लागतो.

त्यापुढचे आकडे चांदमारीसाठी सोडून द्या. पॉवर वाढते तसा हाताचा कंपही वाढलेला दिसतो आणि उन्हात जमिनीवरून उठणारी हवेची लहरसुद्धा. धाप लागलेल्या माणसाला दहा पॉवरची फुली सावजाच्या अंगभर फिरताना दिसते. मग ती योग्य जागी येण्याच्या क्षणी चाप झटकन ओढला जातो आणि नेम तिथेच बिघडतो.

४. भिंगाचा व्यास आणि डोळ्याची बाहुली

स्कोपवर ६×४२ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा पॉवरचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की मागच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो, ज्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ४×३२ मध्ये तो ८ मिलीमीटर येतो, ६×४२ आणि ८×५६ मध्ये ७, तर १०×४० मध्ये फक्त ४. स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिलेत तर हे वर्तुळ मागच्या भिंगात एखाद्या उजळ ठिपक्यासारखे दिसते.

अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलीमीटरपर्यंत उघडते आणि वय वाढते तशी ती ५ च्या आसपास अडते. त्यापेक्षा मोठ्या वर्तुळातला जादा प्रकाश डोळ्यात शिरत नाही, तरीही तो पूर्णपणे वाया जात नाही. वर्तुळ मोठे असले की डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळे पडत नाही, आणि घाईत खांद्याला लावलेल्या रायफलीसाठी हा फार मोठा फायदा आहे. म्हणूनच ४×३२ चा स्कोप इतका सहज वाटतो.

दुकानात ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आणखी एक आकडा ऐकवला जातो. पॉवर आणि व्यास यांच्या गुणाकाराचे ते वर्गमूळ असते: ४×३२ चे ११.३, ६×४२ चे १५.९, ८×५६ चे २१.२. संधिप्रकाशात तपशील किती दिसेल, याचा तो अंदाज आहे खरा, पण काच आणि लेप चांगले आहेत की टाकाऊ, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

५. आय रिलीफ: इथे तडजोड करू नका

माझ्या उजव्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखी बारीक खूण आहे. ती उताराच्या वरच्या दिशेने काढलेल्या एका बाराची आहे. मान पुढे गेली होती, दस्ता खांद्यात नीट बसला नव्हता, आणि धक्क्यासरशी स्कोपची मागची कड कपाळावर आली. दुखले नंतर. आधी डोळ्यात काहीतरी कोमट उतरल्यासारखे वाटले.

संपूर्ण, गोल चित्र दिसण्यासाठी डोळा मागच्या भिंगापासून जितका दूर लागतो, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. मोठ्या शिकारीच्या रायफलीसाठी ते किमान ९० मिलीमीटर असावे आणि जड धक्क्याच्या रायफलीसाठी १०० किंवा त्याहून अधिक. एकपॉवरी स्कोपमध्ये हे अंतर कायम राहते, हा त्याचा मला सर्वांत आवडणारा गुण आहे. बदलत्या पॉवरच्या बऱ्याच स्कोपमध्ये पॉवर वाढवली की डोळा पुढे न्यावा लागतो.

अंतर तपासताना शिकारीचेच कपडे अंगात घाला. सदऱ्यावर जुळवलेला स्कोप जाड कोटावर चुकतो, कारण कोटाच्या जाडीने दस्ता पुढे ढकलला जातो. बसून, पालथे पडून आणि वर रोखूनही पाहा, कारण प्रत्येक वेळी मान वेगळ्या जागी येते.

६. रेटिकल, पॅरॅलॅक्स आणि क्लिक

रेटिकल म्हणजे आतली फुली. कडेला जाड आणि मध्याशी बारीक अशी डुप्लेक्स फुली बहुतेकांना पुरते. संधिप्रकाशात गर्द झाडीसमोर बारीक रेघा दिसेनाशा होतात, पण जाड भुजा मध्याकडे बोट दाखवत राहतात. तीन जाड भुजांचे जर्मन चार नंबरचे रेटिकलही याच कारणासाठी उत्तम आहे. रेघा-ठिपक्यांची जाळी असलेली रेटिकले नवख्याने टाळावीत. पॉवर स्थिर असल्यामुळे फुलीच्या भुजांमधले अंतरही स्थिर राहते, त्यामुळे पहिल्या किंवा दुसऱ्या प्रतलातल्या रेटिकलचा, म्हणजे पॉवरबरोबर फुलीही लहान-मोठी व्हावी की नाही हा, वाद इथे उद्भवतच नाही.

पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलला की फुली सावजावरून सरकल्यासारखी दिसणे. शिकारी स्कोपमध्ये ते साधारण १०० मीटर किंवा १०० यार्डांवर जुळवून दिलेले असते. ३२ मिलीमीटर भिंगाच्या स्कोपमध्ये २०० मीटरवर, डोळा पार कडेला गेला तरी, चूक सुमारे १६ मिलीमीटरची होते. २० सेंटीमीटरच्या मर्मस्थानापुढे ती नगण्य आहे, तेव्हा पॅरॅलॅक्स जुळवण्याच्या चकतीसाठी जादा पैसे मोजू नका. मात्र छऱ्याच्या बंदुकीसाठी किंवा .२२ रिमफायरसाठी असलेले स्कोप जवळच्या अंतराला जुळवलेले असतात. स्वस्तात मिळाला म्हणून तसला स्कोप मोठ्या रायफलीवर चढवू नका. धक्क्यालाही तो टिकेलच असे नाही.

नेम जुळवण्याची चकती एकेका क्लिकने फिरते. एका क्लिकने नेम किती सरकतो, ते तिच्या टोपीखाली लिहिलेले असते. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलीमीटर सरकवतो आणि युरोपीय पद्धतीचा क्लिक १ सेंटीमीटर.

७. दुकानात जाण्यापूर्वी जवळ ठेवायच्या गोष्टी

- शस्त्र परवाना आणि रायफलीवर नोंदलेला क्रमांक
- शिकारीचा परवाना आणि त्या प्राण्यासाठी लागणारी वेगळी परवानगी, असल्यास
- सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, जिथे ते बंधनकारक आहे
- रायफलीची कंपनी, मॉडेल, आणि तिच्या माथ्यावरील भोकांमधले अंतर
- रायफलीवर आधीच बेस (स्कोप धरणाऱ्या रिंगा ज्यावर बसतात तो पाया) असेल तर त्याचा प्रकार

स्कोप दुसऱ्या देशातून आणणार असाल तर आयात-निर्यातीचे नियम आधी विचारा. रायफलीचे स्कोप अनेक देशांत नियंत्रित वस्तूंमध्ये मोडतात आणि साध्या दुर्बिणीचे नियम त्यांना लागू होत नाहीत.

८. हातात घेऊन तपासा

दुकानाच्या झगझगीत दिव्यांत सगळेच स्कोप चांगले दिसतात. शक्य असेल तर सूर्यास्ताच्या वेळी जा आणि दुकानदाराच्या परवानगीने बाहेर येऊन सावलीतले झाड पाहा: फांद्या वेगळ्या दिसतात का, की सगळा एकच काळा गोळा? सूर्याकडे स्कोप कधीही रोखू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

चित्राच्या कडा पाहा, क्लिक बोटांना स्पष्ट जाणवतात का ते पाहा, आणि नळीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला आहे ना, ते विचारा. कोरडा वायू नसेल तर गारठ्यातून उबेत येताच आतून भिंगावर धुके धरते आणि ते पुसता येत नाही.

नवे एकपॉवरी स्कोप आता कमी कंपन्या बनवतात, त्यामुळे अनेकांची नजर जुन्या मालाकडे वळते. जुना चांगला स्कोप मीही वापरला आहे. पण तीन गोष्टी बघा. काही फार जुन्या स्कोपमध्ये नेम जुळवला की फुलीच चित्राच्या मध्यावरून एका बाजूला सरकते. ते सदोष नसते, त्या काळची रचनाच तशी होती, पण डोळ्याला त्रास होतो. काही जुन्या युरोपीय स्कोपच्या नळीचा व्यास २६ मिलीमीटर असतो आणि एक इंचाच्या, म्हणजे २५.४ मिलीमीटरच्या, रिंगमध्ये तो बसत नाही. तिसरे म्हणजे नळीवर रिंगांनी पडलेल्या खोल खाचा. त्या दिसल्या तर सरळ परत करा.

९. बसवणे

लागणारी हत्यारे: टॉर्क मोजणारा स्क्रूड्रायव्हर, रिंगांच्या मापाचे बिट, लहान पातळी (बुडबुड्याची पाणसळ), तेल काढण्यासाठी स्पिरिट आणि रायफल घट्ट धरणारे स्टँड. सुरुवातीलाच रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट बाहेर काढून ठेवा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत.

इथला मोठा सापळा नळीच्या लांबीचा आहे आणि मी त्यात अडकलो होतो. एकपॉवरी स्कोप आखूड असतात. लांब काडतुसाच्या रायफलीवर दोन बेसमधले अंतर इतके असते की रिंगा नळीच्या सरळ भागावर बसतच नाहीत, किंवा बसल्याच तर स्कोप पुढेमागे सरकवायला जागा उरत नाही. म्हणून सरळ नळीची लांबी विकत घेण्यापूर्वीच मोजा. पुढे-मागे वाढवलेल्या रिंगा किंवा अखंड पट्टीचा बेस हा त्यावरचा उपाय आहे.

रिंगा शक्य तितक्या खुज्या घ्या. पुढचे भिंग रायफलीच्या नळीला टेकू नये आणि बोल्टचा दांडा मागच्या भिंगाला घासू नये, एवढी उंची पुरे. गाल दस्त्यावर टेकवून डोळे मिटा, मग उघडा. चित्र पूर्ण दिसले पाहिजे, मान उचलावी लागता कामा नये. फुली पातळीने सरळ करा. रिंगांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. साधारण १५ ते २० इंच-पाउंड पुरतात, पण रिंगेच्या कंपनीने दिलेला आकडा अंतिम समजा. ‘हाताला लागेल तेवढे’ आवळण्याने नळी चेपते.

यानंतर मागचे भिंग फिरवून फुली स्पष्ट करा. आकाशाकडे, सूर्यापासून दूर, दोन-तीन सेकंदच पाहा आणि नजर काढा. जास्त वेळ पाहिले तर डोळाच स्वतःला जुळवून घेतो आणि धूसर फुलीही स्पष्ट वाटू लागते.

१०. झीरो करणे, म्हणजे फुली आणि गोळी ठरावीक अंतरावर जुळवणे

रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरच्या कागदाचा मध्य पाहा. रायफल न हलवता फुली त्याच जागी आणा. मग २५ मीटरवरच बार काढून गोळी मध्याजवळ आणा. लक्षात ठेवा, या अंतरावर एक क्लिक १०० मीटरच्या चौथ्या हिश्शाइतकाच सरकवतो, त्यामुळे चौपट क्लिक लागतात. चार क्लिक देऊन ‘स्कोप हलतच नाही’ म्हणणारे मी पाहिले आहेत.

मग १०० मीटरवर जा. एका गोळीवरून काही ठरवू नका. तीन गोळ्यांचा पुंजका पाहून त्याच्या मध्यावरून दुरुस्ती करा आणि नळी थंड होऊ द्या. .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची गोळी १०० मीटरवर ५ सेंटीमीटर उंच ठेवली, तर २०० मीटरवर ती जवळपास नेमावरच लागते आणि ३०० मीटरवर मात्र ३० सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. त्यामुळे २०० मीटरपर्यंत फुली थेट मर्मस्थानावर धरता येते. तुमचे काडतूस वेगळे असेल तर त्याच्या डब्यावरील तक्ता पाहा आणि तोही मैदानावर पडताळून घ्या. काडतुसाची कंपनी किंवा गोळीचे वजन बदलले की झीरोही बदलतो.

रानात सावज शोधण्यासाठी हातातली दुर्बीण वापरा, रायफलीचा स्कोप नव्हे. झुडपात हलणारे ते काहीतरी माणूस निघाले, तर तुम्ही त्याच्यावर भरलेली रायफल रोखलेली असते.

प्रवासानंतर आणि रायफल पडल्यानंतर, पहिल्या दिवशी रानात शिरण्याआधी, दोन गोळ्या कागदावर काढा. मी झीरोची तारीख, काडतुसाचे नाव आणि १०० मीटरवरची उंची एका चिठ्ठीवर लिहून ती पारदर्शक चिकटपट्टीने दस्त्याच्या आतल्या बाजूला लावतो. पावसात ती एकदा भिजून पुसट झाली, तेव्हापासून पेन्सिलीने लिहितो.